रात्रीच्या जेवणाला घरी

हंगाम संपून कारखान्याची चिमणी थंडावली, की आमच्या कार्यालयात एक ठरलेली वर्दळ सुरू होते. सभासद येतात, टोपी काढून टेबलावर ठेवतात, चहा घेतात, उसाच्या बिलाबद्दल दोन शब्द बोलतात आणि मग हळूच मुद्द्यावर येतात. "पोरगं गाडी बरी चालवतंय. मुंबईत कुठं चिकटतंय का बघा. तुमची चिठ्ठी असली म्हणजे काम होईल." चिठ्ठीने आता कामे होत नाहीत, हे आम्ही दरवेळी सांगतो. ते शांतपणे ऐकून घेतात आणि तरीही चिठ्ठी मागतातच.

अलीकडे मात्र या मागणीत एक फरक पडलेला आहे. ज्यांच्यासाठी चिठ्ठी मागितली जाते ती पोरे बेकार नाहीत. कोणी मालट्रकवर चेन्नई-दिल्ली करतो, कोणी न्हावाशेव्याहून कंटेनर ओढतो, कोणी पुण्याच्या कंपनीतील माणसांची रात्रपाळीची ने-आण करतो. हातात पैसा येतो आहे. तरी त्यांना नोकरी बदलून हवी असते, आणि कारण विचारले तर पगाराचे नाव निघत नाही. "घरी राहता येईल अशी ड्यूटी पाहिजे," एवढेच ते म्हणतात. एका सभासदांच्या सूनबाई तर सासऱ्यांबरोबर स्वतः आल्या. नवरा कंटेनरवर. त्या स्पष्ट बोलल्या, "पैसं थोडं कमी आलं तर मी भागवीन. पोरगी बापाला मामा म्हणाया लागलीया." सासरे खाली बघत बसले. आम्हालाही लगेच उत्तर सुचले नाही.

तेव्हा कारखान्याच्या कामासाठी मुंबईला जाण्याचा योग आला, त्या वेळी काम उरकल्यावर आम्ही आणखी तीन दिवस मुक्काम वाढवला. लालबागला आपल्याकडच्या गावकऱ्यांच्या खोलीवर वळकटी टाकली आणि लालबाग, परळ, दादर, गिरगाव या भागात स्टिअरिंगवर पोट भरणारी आपली जेवढी माणसे भेटतील तेवढ्यांना गाठले. कोणत्या गाडीवर माणूस घरचा राहतो आणि कोणत्या गाडीवर पाहुणा होतो, एवढाच आमचा प्रश्न होता.

ज्या खोलीत आम्ही उतरलो होतो ती खोलीच या प्रश्नाचा जुना इतिहास आहे. आपल्या सातारा-सांगलीकडचा, कोल्हापूरकडचा आणि तळकोकणातला माणूस गिरणीत लागला तो एकटा. बायको-पोरे, म्हातारे आईबाप गावी. दहा बाय बाराच्या खोलीत एका गावची पंधरा-वीस माणसे आपापल्या ट्रंका लावून राहत. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की त्याच जागी तिसऱ्या पाळीचा माणूस पडायचा. जेवण खाणावळीत. या खाणावळी चालवणाऱ्या बाया बहुतेक गिरणगावातल्याच, कामगारांच्याच घरच्या. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ज्याचे घर गावी त्याचे ताट परक्या चुलीवरचे, हा गिरणगावचा रिवाजच होता. गणपतीला किंवा गावच्या जत्रेला पंधरा दिवस रजा काढून माणूस घरी यायचा आणि मनीऑर्डरीचा नवरा, मनीऑर्डरीचा बाप म्हणून परत जायचा. त्यात कोणाला वावगे वाटत नव्हते, किंवा वाटले तरी बोलायची सोय नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि संप संपल्याचे कधी कोणी जाहीर केलेच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. कोणी गाव धरले, कोणी भाजीची पाटी घेतली, आणि ज्यांना गाडी येत होती त्यांनी गाडी धरली. लालबाग-परळमधल्या पुष्कळ घरांत स्टिअरिंग आले ते असे साच्यावरून उतरून. आज त्या गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत. त्या टॉवरमधल्या साहेबांच्या गाड्या चालवणाऱ्यांत गिरणी कामगारांची नातवंडेही आहेत.

मालट्रकचे आधी सांगतो, कारण आपली बहुतेक पोरे तिथूनच सुटका मागत आहेत. कायद्याने पाहिले तर ट्रक ड्रायव्हर हा काही वाऱ्यावर सोडलेला माणूस नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने त्याचे काम दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले. लांब पल्ल्याला परवानगीने फार तर दिवसाला १० आणि आठवड्याला ५४. सलग ५ तासांच्या आत निदान अर्धा तास विसावा, आणि कामाची सुरुवात ते शेवट मिळून १२ तासांच्या वर पसारा जायचा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही हीच मर्यादा धरली, आणि पुढे १९६१ चा कायदा २०२० च्या कामगार संहितेत सामावला गेला. हे सर्व कागदावर ठीकच. पण एका मालकाची एक गाडी, एक ड्रायव्हर, एक क्लीनर, माल पोचवायची तारीख ठरलेली, अशा ठिकाणी तास मोजायला कोण बसतो? ड्रायव्हर मोजतो त्या खेपा. खेप वाढली तर पैसा वाढतो, म्हणून झोप कमी करायची ती त्यानेच.

बरे, सगळा वेळ गाडी चालवण्यात जातो असेही नाही. निम्मा वेळ जातो थांबण्यात. दिवसा अवजड गाड्यांना मुंबई शहरात मज्जाव, म्हणून बाहेर थांबा. माल उतरवणारे हमाल जेवायला गेले, थांबा. परतीचे भाडे मिळाले नाही, दोन दिवस गाडीखाली चटई टाका. पूर्वी मुलुंडच्या, दहिसरच्या जकात नाक्यावरच्या रांगा होत्या, त्या १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेल्या, हे एक बरे झाले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या मालट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, हेही बरेच म्हणायचे. पण केबिन गार झाली म्हणून घर जवळ येत नाही.

आता बेस्टकडे वळू. मुंबईत घोड्याची ट्राम आली १८७४ साली, विजेची ट्राम ७ मे १९०७ ला, आणि अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली १५ जुलै १९२६ ला. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा सगळा कारभार महापालिकेकडे आला. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. ट्राम गेली, तरी जुनी माणसे दादरच्या त्या चौकाला अजून दादर टी. टी. च म्हणतात. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हे नव्या पोरांना सांगावे लागते.

परळला आम्हाला बेस्टमधून निवृत्त झालेले एक आजोबा भेटले. मूळचे आपल्याच भागातले. सत्तरीच्या दशकात ते साखरेचा ट्रक घेऊन मुंबईला येत. तेव्हा घाऊक बाजार मशीद बंदरला होता, वाशीला हलला नव्हता. खंबाटकी आणि खंडाळा असे दोन घाट उतरून रात्री यायचे, पोती उतरेपर्यंत गाडीवरच पडायचे, मिळेल ते भाडे घेऊन परत. घरी महिन्यातून चार-पाच रात्री. असे सात वर्षे केल्यावर ते बेस्टमध्ये लागले. पहिला पगार हातात आला तो ट्रकच्या कमाईपेक्षा कमी, शिवाय ट्रकवरची वरकमाई बंद. गावी वडील म्हणाले, "शहाणा असशील तर परत ट्रकवर जा." आजोबा गेले नाहीत. वर्षभरात परळच्या चाळीत पागडीने एक खोली मिळाली, तिथे त्यांनी बायको आणि दोन मुले आणली.

आम्ही त्यांना विचारले, "बेस्टमध्ये काम कमी होतं का?" ते हसले. "कमी कुठलं? उन्हाळ्यात इंजिन मांडीशी तापायचं. पावसाळ्यात हिंदमाताला गुडघाभर पाण्यातनं गाडी काढायची. लालबागच्या गणपतीत तर गाडी चालतच नसायची, नुसती उभी राहायची. पण सोमवारी मला ठाऊक असायचं, गुरुवारी मी कुठं असणार ते. आगारातल्या फळ्यावर ड्यूटी लागलेली असायची. पोराच्या शाळेत पालकांना बोलावलं, की मी सांगू शकायचो, येतो म्हणून."

आम्हाला हे उत्तर फार महत्त्वाचे वाटले. तासांचा हिशेब आपण सगळेच करतो. पण ज्याला तास ठाऊक आहेत त्याचे घर वेगळे आणि ज्याला ठाऊक नाहीत त्याचे वेगळे. सभासद बंधूंना हे समजावून सांगायला नको. रात्रीची लाईट असली तर आपण बॅटरी घेऊन रात्रीच पाटाच्या कडेने फिरतो, तक्रार करत करत का होईना. पण लाईट केव्हा येणार हेच माहीत नसले तर माणूस ना शेतात असतो ना घरात. तोडीची तारीख लागलेला शेतकरी आणि तोडीची वाट बघणारा शेतकरी, दोघांचा ऊस सारखाच, पण दोघांच्या घरातले वातावरण एक असते का?

बेस्टच्या ड्यूटीत एक खोचही आहे, ती आजोबांनीच दाखवली. सकाळी चार तास, मधे मोकळे, मग संध्याकाळी चार तास, अशी फुटकी ड्यूटी असते. सकाळच्या आणि संध्याकाळच्या गर्दीला गाड्या जास्त लागतात, म्हणून ती काढावी लागते. कागदावर आठच तास. ज्याची खोली परळला होती तो मधल्या वेळात घरी जाऊन जेवून, डोळा लावून परत येई. तीच ड्यूटी बदलापूरच्या किंवा नालासोपाऱ्याच्या माणसाला लागली, तर तो मधले तीन-चार तास आगारातल्या बाकावर काढतो आणि घरातून गेला तो पहाटे, परत येतो तो रात्री. पहिली गाडी काढायची असेल तर पहाटेची लोकल मिळेल न मिळेल, म्हणून आदल्या रात्रीच आगारात येऊन झोपणारेही आम्हाला भेटले. तेव्हा नोकरी घराजवळ नेणारी आहे की नाही, हे नुसत्या नोकरीवर ठरत नाही. खोली कुठे मिळणार यावर ते ठरते. आणि परळ-लालबागला आज नव्याने खोली घेणे ड्रायव्हरच्या पगारात बसत नाही, हे उघड आहे.

आणखी एक गोष्ट चिठ्ठी मागणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. आजोबांची बेस्ट आणि आजची बेस्ट यांत फरक पडला आहे. गेल्या काही वर्षांत भाडेतत्त्वावरच्या गाड्या आल्या. गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हरही कंत्राटदाराचा, मार्ग आणि तिकीट तेवढे बेस्टचे. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टच्या कामगारांचा नऊ दिवस संप झाला, तसा ऑगस्ट २०२३ मध्ये या कंत्राटी ड्रायव्हरांनीही पगाराच्या मागणीसाठी गाड्या उभ्या केल्या. आपल्या तालुक्यातला एक तरुण अशा गाडीवर आहे. त्याला आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, रात्री घरी जातो हे खरं. पण घरी जाऊन पगार झाला का नाही याचीच चर्चा." बाहेरून बघणाऱ्याला मात्र बसही लाल आणि ड्रायव्हरही तसाच दिसतो. तेव्हा "बेस्टमध्ये लागला" असे कोणी सांगितले, तर पगार कोण देणार, हे आधी विचारून घ्यावे.

टॅक्सीबद्दल लोकांचा मोठा गोड समज आहे की टॅक्सीवाला हा आपल्या वेळेचा राजा. मन होईल तेव्हा काढावी, मन होईल तेव्हा लावावी. गिरगावात ठाकूरद्वारच्या नाक्यावर आणि दादरला स्टेशनबाहेर आम्ही या राजांशी बोललो. ज्याची स्वतःची गाडी आणि कर्ज फिटलेले, तो थोडाफार राजा आहे. बाकीचे पाळीवर चालवतात. दिवसाचा ड्रायव्हर वेगळा, रात्रीचा वेगळा, आणि मालकाला पाळीचे ठरलेले पैसे भरायचे. मग धंदा होवो न होवो. आधी मालकाचे, मग गॅसचे, त्यानंतर उरेल ते आपले. म्हणजे पहिले सहा-सात तास माणूस दुसऱ्यासाठी चालवतो आणि घरासाठी चालवायला लागतो तो दमल्यावर. मोबाइलवरच्या टॅक्स्या आल्यावर मालकाची जागा बँकेच्या हप्त्याने घेतली, एवढेच. हप्ता मालकापेक्षा कडक. मालकाला निदान पोराचा ताप सांगता येत होता.

बांद्रा आणि शीव यांच्या अलीकडे रिक्षाला परवानगी नाही, त्यामुळे या भागात टॅक्सीला अजून मान आहे. जुन्या पद्मिनी मात्र गेल्या. वीस वर्षांची वयोमर्यादा भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी रस्त्यावरून उतरली. त्या वर्षी सप्टेंबरात डिझेलची जुनी दुमजली बसही बंद झाली होती. १९३७ पासूनची ती. गिरगावातल्या एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याने आम्हाला सांगितले, की पद्मिनीच्या मागच्या सीटवर पाय दुमडून त्याने जेवढ्या रात्री काढल्या तेवढ्या स्वतःच्या गादीवर काढल्या नाहीत. त्याचा मुलगा शाळेच्या बसवर आहे. पगार बेताचाच. पण शाळा सुटली की गाडी सुटली, रविवारी सुट्टी आणि दिवाळी-मे महिन्यातही उसंत. म्हातारा म्हणाला, "मी त्याला म्हणतो, तुझ्यात धमक नाही. ती आपली हसते." ती म्हणजे सून.

साहेबाची गाडी चालवणे हा प्रकार मलबार हिलच्या, पेडर रोडच्या आजूबाजूला मोठा आहे. पगार ठरलेला, गाडी स्वच्छ, घाट नाही, हमाल नाही. आमच्या मते मात्र ही नोकरी पत्त्याच्या डावासारखी आहे. साहेब वेळेचा पक्का असेल तर सात वाजता माणूस मोकळा. साहेबाला पार्ट्यांचा नाद असेल तर हॉटेलच्या मागच्या गल्लीत रात्री एक वाजेपर्यंत इतर दहा ड्रायव्हरांबरोबर गप्पा मारत उभे राहणे. सकाळी आठला पुन्हा हजर. ही नोकरी धरताना पगार विचारतात, जास्तीच्या तासांचे काय हे कोणी विचारत नाही. विचारावे.

रेल्वेची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, आणि ती सांगायला आपल्याला लांब जायलाही नको. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या सुरेखा यादव आपल्या साताऱ्याच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात त्यांनी विजेची पदविका घेतली आणि १९८९ साली मध्य रेल्वेवर सहायक चालक झाल्या. पहिली गाडी मालगाडी, वाडीबंदर ते कल्याण. पुढे त्या मालगाडीच्या चालक झाल्या, २००० साली मुंबईत महिलांसाठीची विशेष लोकल चालवली, २०१० नंतर घाटात गाड्या नेल्या, ८ मार्च २०११ रोजी पुण्याहून डेक्कन क्वीन मुंबईला आणली आणि १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत. सप्टेंबर २०२५ मध्ये छत्तीस वर्षांची नोकरी पुरी करून त्या निवृत्त झाल्या. यजमान पोलिसात, दोन मुलगे. म्हणजे एकाच घरात दोन नोकऱ्या, आणि दोन्ही अशा की सणावारीच जास्त काम.

त्यांचे कौतुक सगळ्यांनी केले आहे, आम्ही वेगळे काय करणार. आम्ही हा प्रवास इथे मांडला तो रेल्वेत गाडी बदलली की घराचे घड्याळ कसे बदलते हे दिसावे म्हणून. मालगाडीच्या चालकाला ठरावीक वेळापत्रक नसते. गाडी तयार झाली की बोलावणे, मग दुपार असो की पहाटेचे दोन. गाडी मधेच सायडिंगला पडली तर पडली. दुसऱ्या टोकाला रनिंग रूममध्ये विश्रांती घ्यायची आणि परतीच्या गाडीची वाट बघायची. मेल-एक्सप्रेसला वेळ ठरलेली, पण मुक्काम परगावी असतोच. लोकलच्या मोटरमनला परगावचा मुक्काम नाही. पहाटेची पहिली आणि रात्रीची शेवटची लोकल कोणी ना कोणी काढतेच, तरी तो ज्या शहरात गाडी चालवतो त्याच शहरात झोपतो. पण दर तीन-चार मिनिटांनी स्टेशन, फाटकावर माणसे, रुळावर माणसे, आणि एक सिग्नल चुकला तर नोकरीवर बेतते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर भेटलेल्या एका मोटरमनने सांगितले, "घरी रोज जातो. पण पहिला अर्धा तास घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. त्यांना कळतं." तेव्हा घरी येणारा माणूस कसा येतो, तेही मोजायला हवे.

बायकांनी बस चालवावी का, असे पूर्वी कोणी विचारले असते तर आपल्याकडे हशा पिकला असता. २०२२ साली लक्ष्मी जाधव यांनी बेस्टच्या मार्गावर बस चालवली. तशा त्या पहिल्याच. आधी त्या रिक्षा चालवीत. आमच्या कार्यक्षेत्रात ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुली आता दिसू लागल्या आहेत, म्हणून हा उल्लेख केला. चिठ्ठी मागायला अजून कोणी मुलीसाठी आलेले नाही.

मुंबईहून परतल्यावर आम्ही त्या कंटेनरवाल्या तरुणाला बोलावून घेतले आणि पाहिले-ऐकले ते सर्व सांगितले. बदलापुरातल्या खोलीचे भाडे, लोकलचा वेळ, कंत्राटी पगार, सगळे मांडले. तो गप्प राहून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे मुंबईला जाऊन बी पोरगी झोपल्यावरच घरी यायचं." त्याने मुंबईचा नाद सोडला. सध्या तो जवळच्या दूध संघाच्या टँकरवर आहे. पहाटे तीनला उठतो, दुपारी बारापर्यंत मोकळा. कंटेनरवर मिळत होते त्याच्या दोन तृतीयांश मिळतात. राहिलेली तूट भरायला घरी दोन म्हशी घेतल्या आहेत आणि धार सूनबाई काढतात, म्हणजे तिचेही काम वाढलेच. हा हिशेब नफ्याचा की तोट्याचा, ते त्या घराने ठरवावे. म्हशींचा हप्ता वेळेवर चालू आहे, एवढे आम्हाला ठाऊक आहे.

आणि मुंबईच्या आगारांबद्दल एवढे लिहिल्यावर आपल्या यार्डाबद्दल गप्प बसणे बरे दिसणार नाही. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर आणि ट्रकवर जी माणसे असतात ती आपल्याच कार्यक्षेत्रातली, काही तर सभासदांचीच मुले. त्यांचे घर पाच-दहा किलोमीटरवर. तरी काट्यावर नंबर लागेपर्यंत आणि गव्हाणीवर गाडी खाली होईपर्यंत ती रात्र रात्र यार्डात काढतात. मिलमध्ये काही बिघाड झाला तर दुसरा दिवसही तिथेच. पेटलेल्या पाचटाभोवती बसून शेकतात, ट्रॉलीखाली झोपतात, आणि घर दिसते आहे पण जाता येत नाही, कारण रांग पुढे सरकली आणि गाडीवर माणूस नसला तर मागचे शिव्या घालतात. फाळणीच्या धान्यासारखे दिवस मोजून घरी जाणाऱ्या चेन्नईच्या ट्रकवाल्यापेक्षा हे बरे म्हणावे तर ते चार-पाच महिनेच असते एवढाच फरक. आठ तास उभ्या असलेल्या गाडीला डिझेल लागत नाही, म्हणून तो वेळ कोणाच्या हिशेबात धरला जात नाही.

यावर उपाय अवघड नाही, असे आमचे मत आहे. गाडीला नंबर लागला की त्यावर अंदाजे वेळ घालून चिठ्ठी द्यावी. हल्ली तर मोबाइलवर निरोप जातो. ज्याचा नंबर सहा तासांनी आहे त्याने गाडी लावून घरी जाऊन जेवून यावे, आणि तोवर त्याच्या गाडीला कोणी हात लावू नये, ही जबाबदारी यार्डातल्या माणसाने घ्यावी. तोडीची पाळी जर आपण महिनाभर आधी सांगू शकतो, तर गव्हाणीची पाळी सहा तास आधी सांगता येणार नाही असे नाही. वाहतूक कंत्राटदारांनी याबाबत आपले म्हणणे लेखी द्यावे. ते आम्ही पुढील अंकात छापू.

ज्या सभासदांच्या मुलांना गाडी बदलायची आहे त्यांच्यासाठी कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, कारण अर्ध्या फेऱ्या त्यातच जातात. व्यावसायिक वाहनाच्या लायसन्ससाठी वय २० पुरे पाहिजे आणि हलक्या मोटारीचे लायसन्स निदान एक वर्षाचे जुने पाहिजे. आठवी पासची जुनी अट २०१९ साली काढून टाकली, तेव्हा शाळेचा दाखला नाही म्हणून कोणी मागे राहू नये. मात्र नोकरी देणाऱ्याची शिक्षणाची अट वेगळी असू शकते, ती आधी पाहावी. प्रवासी गाडी चालवायची तर बिल्ला लागतो. व्यावसायिक लायसन्स पूर्वी तीन वर्षांनी नवे करावे लागे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते पाच वर्षे चालते. मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागते, म्हणून तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. डोळे मात्र आताच तपासून घ्यावेत. रात्रीच्या गाडीवर बरीच वर्षे काढलेल्यांनी तर नक्कीच.